हँडल फिरवून चालणारा रेडिओ-टॉर्च, घ्यावा का?
लाइट गेली, नेटवर्क गेलं की मोबाईलचा काही उपयोग नाही म्हणून हा घेतला, आणि खरंच कामाची वस्तू आहे. मिनिटभर हँडल फिरवलं की टॉर्च बराच वेळ चालतो, एफएमबरोबर एएम पण लागतं आणि एएम महत्त्वाचं कारण लांबचं स्टेशन तेच पकडतं, रात्री तर आणखीनच लांबचं. मोबाईल चार्जिंगच्या जाहिरातीला मात्र भुलू नका, आतली बॅटरी 2000 एमएएचची, हल्लीचे फोन 5000 चे, हात भरून येईल पण फोन भरणार नाही, फारतर एखादा कॉल होईल. सोलर पॅनल पण तळहाताएवढंच आहे.

आम्ही शेजाऱ्यांनी मिळून एकच घेतलाय. प्रत्येकाने सगळं घेऊन घर कशाला भरायचं, एकाकडे रेडिओ, एकाकडे फर्स्ट एड, एकाकडे शिडी, आणि सगळ्यांचे नंबर कागदावर लिहून दाराच्या आतून चिकटवलेत. त्या निमित्ताने वरच्या काकूंना रात्री-अपरात्री औषध आणायला कोणी नसतं हे कळलं, आता ते ठरवून टाकलंय, आणि मला रेडिओपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

हँडलचा जोड प्लास्टिकचा आहे, दणादण फिरवू नका. आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा, नुसता पडून राहिला तर बॅटरी मरते.