टॅप शूज म्हणून पत्रे ठोकलेले जोडे

गॅदरिंग आणि स्पर्धांचा मोसम जवळ आला की नागपुरात डान्सचे शूज घरपोच देणारे उगवतात. त्यातल्या एकाने आम्हाला 9,000 रुपयांना गंडवलं. नाव लिहीत नाही. त्याने सांगितलेलं नाव तरी खरं होतं का, कोण जाणे. पद्धत मात्र सांगते.

माझी मुलगी कॉलेज सांभाळून म्युझिकल थिएटर शिकते. गाणं, अभिनय, नाच, सगळं एकाच प्रयोगात. सरांनी जोड्यांची यादी दिली: जॅझसाठी मऊ, दुभागलेल्या तळाचे; उंच टाचेचे, पट्ट्याचे कॅरेक्टर शूज; आणि टॅपचे, म्हणजे पावलांनी ताल वाजवायच्या नाचाचे. बर्डीचा बाजार पालथा घातला, सदरच्या दुकानांत विचारलं. जॅझचे मिळाले. बाकी दोन नावं ऐकून दुकानदार आमच्याच तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात तिच्या ग्रुपवर या महाशयांचा नंबर आला.

माणूस घरी आला, मुलीचे दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारून घेतली, चवड्याची रुंदी टेपने मोजली. "आपला माल बाहेरचा राहते मॅडम, अमेरिकन कंपनीचा," म्हणत त्याने कॅपेझिओचं नाव घेतलं. न्यूयॉर्कला सुरू झालेली ही कंपनी 1887 पासूनची, नाचणाऱ्यांमध्ये नावाजलेली. मुलीलाही ठाऊक होती. दोन जोडांचे सगळे पैसे आगाऊ घेतले. तुमच्याकडे असा कोणी आला तर एवढंच विचारा: माल बाहेरून तयार येणार आहे, तर पायाची रेघ कशाला?

जोडे आले ते प्रयोगाच्या तोंडावर. तेही ठरवूनच असावं, बदलून मागायला वेळ उरू नये म्हणून. वरून पाहिले तर देखणे, आत कंपनीचं स्टिकर. खोट सगळी तळाला. टॅपच्या जोड्याला चवड्याखाली आणि टाचेखाली धातूच्या पट्ट्या असतात. चांगल्या जोड्यात त्या स्क्रूने बसवतात आणि स्क्रू किंचित सैल-घट्ट करून आवाज जुळवतात, तबला लावावा तसा. आमच्या जोड्यांना पत्र्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकले होते. आवाज बद्द. तालमीत एक खिळा आतून वर आला आणि तळव्यात घुसला. खिळ्यांच्या डोक्यांनी हॉलच्या लाकडी फळ्यांवर ओरखडे पडले, त्याची बोलणी वेगळी.

कॅरेक्टर शूजची तऱ्हा त्याहून वाईट. त्यांची टाच आपल्या टाचेच्या हाडाच्या बरोबर खाली हवी. इथे ती मागे गेलेली, उभं राहिलं की डुगडुगायची. तळ रबराचा. गिरकी घेताना पाऊल जमिनीवर फिरायला हवं, म्हणून या जोड्यांचा तळ स्वेडचा, म्हणजे मखमली पोताच्या चामड्याचा, किंवा साध्या चामड्याचा असतो. रबर जमीन धरून ठेवतं, अंग फिरतं आणि गुडघा पिळवटतो. मुलीने पहिल्याच गिरकीला "आई गं" केलं. बर्डीवर जोडे शिवणाऱ्या काकांनी तळ उकलून दाखवला. तळव्याच्या कमानीखाली पोलादी पट्टी हवी, तिथे पुठ्ठा! काका म्हणाले, "ताई, हे ऑफिसात घालाचे शूज आहेत. वरून पट्टा लावून देल्ला फक्त."

घट्ट होताहेत म्हणून फोन केला तर उत्तर तयार: "डान्सचा शूज फिटच घ्या लागते, लेदर मंग सुटते." चामडं सैल होतं, हे खरं. पण हे रेक्झिन होतं, ते कशाने सुटणार? त्याची सगळी वाक्यं अशीच, अर्धी खरी. म्हणून तर पचतात.

पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के वरून लागतीन" म्हणाला. मागेच लागले तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर एका बिलाचा फोटो आला. जीएसटी क्रमांकाची सुरुवात 07 ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात; महाराष्ट्राचे 27, दिल्लीचे 07. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुठलाही क्रमांक टाकून पाहता येतो. हा टाकला, तर दिल्लीतल्या भलत्याच धंद्याचं नाव निघालं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्याला पाठवला. त्यावर 3,000 रुपये परत आले, मग फोन बंद. ऑनलाइन पेजवर पैसे अडकले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि तोही ताबडतोब. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तरच ते गोठवता येतात.

पैसे देण्याआधी तळाचा फोटो मागा, स्क्रूची खाच दिसेल इतक्या जवळून. आणि खराब निघालेले जोडे दुरुस्तीला टाकू नका. आमचा उकललेला जोड, बिलाचा फोटो आणि यूपीआयची नोंद, तिन्ही जपून ठेवलंय. उरलेल्या 6,000 साठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलंय, तिथे हाच पुरावा.