मे महिन्यात खान्देश : डबा बांधायचा की ढाब्यावर थांबायचं?

लग्नसराई आणि आखाजी (अक्षय्य तृतीया), दोन्ही ऐन उन्हाळ्यात. त्यामुळे पुण्या-मुंबईकडची मंडळी जळगाव-धुळ्याला येतात ती नेमकी पारा ४४-४५ वर असताना. कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव गाठेपर्यंत स्टिअरिंग धरायला रुमाल लागतो. मग गाडीत वाद सुरू: घरचंच खायचं, की शेवभाजी?

घरचं म्हणजे निर्धोक, असं बहुतेक जण धरून चालतात. मीही चालायचो. एकदा बटाट्याची रसभाजी सकाळी गरमागरम डब्यात भरली, डबा डिकीत टाकला आणि दुपारी दोनला पाचोऱ्याच्या अलीकडे कडुनिंबाखाली उघडला. वास बरा होता, चवही. रात्री आम्ही तिघं आळीपाळीनं संडासात, आणि मांडवात हळद चाललेली. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू झपाट्यानं वाढतात. एरवी दोन तास चालतात, हवा ३२ अंशांच्या वर गेली की एकच तास धरायचा. आम्ही पाच तास ठेवलं होतं, तेही डिकीत. काही जंतूंचं विष तर पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणजे पोचल्यावर भाजी उकळली असती तरी भरवसा नव्हता.

तेव्हा डबा न्यायचा तर कोरडा. तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेली बिबडी (ज्वारीचे पापड) आणि शेंगदाणे, चिवडा. पुऱ्या पूर्ण गार झाल्यावरच भरा, वाफ कोंडली की ओल धरते. रसभाजी, भात, दहीभात, उकडलेली अंडी घरीच खाऊन निघा. आणि केळी! रावेर-यावलच्या पट्ट्यातून जाताना केळ्यांशिवाय पुढं जाणं म्हणजे कमालच. साल आपल्या हातानं काढायचं, दुसऱ्या कुणाचा हात आत लागतच नाही.

आता ढाबा. इथं मी लोकांच्या उलट बोलतो: चुलीवरून उकळत आलेली शेवभाजी किंवा फौजदारी डाळ आणि तव्यावरून उतरलेली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी हे डिकीतल्या रसभाजीपेक्षा कितीतरी सुरक्षित. फक्त रस्सा सकाळपासून पातेल्यात कोमट पडलेला नसावा. ‘दादा, चांगली उकळून आणा’ म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही. पोट बिघडतं ते बहुधा ताटाच्या कडेच्या गोष्टींनी: कापून ठेवलेला कांदा-काकडी, पाणी घातलेली चटणी, उघडं दही. जिरा राईसही सोडा, भात सकाळी शिजवून दुपारी फोडणीला टाकलेला असू शकतो. गर्दीचा ढाबा निवडा. माल खपतो, शिळा उरत नाही. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, काळ्या मसाल्याची तर्री पाहुणा बघून हात आखडत नाही.

लग्नातला आमरस? पहिल्या पंगतीला चालेल. रात्री नवाला बर्फ घालून पुन्हा गार केलेला रस मी हात जोडून परत पाठवतो.

पाण्यात मात्र डबाच जिंकतो. घरून उकळलेलं किंवा फिल्टरचं पाणी भरपूर घ्या, संपलं तर सीलबंद बाटली. ढाब्यावरचा चिल्ड जार गार असतो, तेवढीच त्याची खात्री. उसाचा रस बिनबर्फाचा आणि डोळ्यांदेखत काढलेला असेल तरच. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा करायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण समोरचा पांढरा बर्फ कुठल्या पाण्याचा ते रसवंतीवर कळत नाही. ताक पाकीटबंद घ्या.

ओआरएसची पुडी पाकिटात हवीच. एक लिटरची असेल तर पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवा, निम्म्या पाण्यात नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेका. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातल्या गोड खोक्यांना ओआरएस समजू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तसल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली ती याचसाठी. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलेलं लागलं, तर ते उष्माघाताचं लक्षण: सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

राहता राहिला खिशातला कांदा. तो ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे जुनी माणसं अजून म्हणतात. उन्हाचं तो काही करत नाही, पण ठेवा. ढाब्यावरचा कापलेला कांदा बाजूला सारून हाच बुक्कीनं फोडा आणि भाकरीसोबत खा.