साडेसहा हजारांच्या बुटांना साडेपाचशेचा सोल

चार पावसाळे बूट माळ्यावर होते. या जूनमध्ये काढले, पुसले आणि घालून माथेरानजवळच्या गार्बेट पठाराच्या ट्रेकला निघाले. भिवपुरी सोडून तास झाला नसेल, डाव्या बुटाचा सोल मगरीसारखा आ वासून बसला. दहा मिनिटांत उजव्यानेही तेच केलं. नाड्यांनी बांधून, फरफटत परत. जिथून घेतले त्या दुकानातल्या पोराने हातही लावला नाही. म्हणाला, ‘मॅडम, नवीन घ्या.’

मग आमच्या परळच्या गटई स्टॉलवर नेले. मामांनी सोलवर अंगठा दाबला, तर टोस्टसारखा भुगा पडला. ‘ताई, चिकटवून फायदा नाय. सोलच मेलाय.’ घरी येऊन वाचलं, तर निदान बरोबर निघालं. हे सोल पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे. हवेतला ओलावा ते आतून कुजवत राहतो, बूट नुसते ठेवले तरी. त्यात मुंबईची हवा आणि बंद माळा!

मामांनी जुना सोल खरवडून काढला, अख्खा रबरी सोल बसवला. दोन्हीकडून सोल्यूशन लावून सुकू दिलं, ठोकलं, वर मेणाच्या दोऱ्याने कडेकडेने शिवण. ती शिवण बघण्यासारखी आहे, एकही टाका वाकडा नाही. 550 रुपये. ‘परवा या’ म्हणाले होते, लागले पाच दिवस, कारण मध्येच गावाला गेले. फोन उचलत नाहीत, तेव्हा चकरा मारायची तयारी ठेवा.

जुन्या बुटांना सोल बसवून घेतला म्हणून आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधली पोरं हसली. त्यांच्या तोंडी सध्या टारा डॉवर ही धावपटू. तिने 2024 मध्ये अमेरिकेतली अॅपलाचियन ट्रेल ही लांबलचक डोंगरवाट 40 दिवस 18 तासांत संपवली. जबरदस्तच, पण सोबत मदतीची टीम होती. मला मात्र एम्मा गेटवुड जवळची वाटते. अकरा मुलांची आई. याच ट्रेलवर पहिल्या खेपेला वाट चुकली, चष्मा फुटला, परत यावं लागलं. 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी पुन्हा निघाली. घरी सांगितलं, फिरायला जाते! तंबू नाही, हाताने शिवलेली पिशवी खांद्यावर, पायात साधे कॅनव्हासचे बूट. त्या वेळची सुमारे 3,300 किलोमीटरची वाट 146 दिवसांत एकटीने चालली. एका दमात ती एकटीने पार करणारी पहिली बाई. पुढे आणखी दोनदा केली. बूट तिने शिवून घेतले नाहीत हे खरं, सहा-सात जोड झिजवून टाकले. पण ते कॅनव्हासचे होते, साडेसहा हजारांचे नव्हेत.

ऑगस्टमध्ये पुन्हा गार्बेट. चिखलात, मुरमावर सोल छान धरतो. शेवाळलेल्या कातळावर मात्र घसरतो. जुन्या सोलचे दात खोल होते, याचे नाहीत. ओढा ओलांडताना दोनदा बुड टेकलं. बूट जडही झालेत, उतरताना गुडघ्यांना जाणवतं. शिवण मात्र जशीच्या तशी, आत पाणी आलं ते वरून, घोट्यापाशी.

चार तारे. एक शेवाळासाठी कापला, पाच दिवसांचे कापले नाहीत, गाव सगळ्यांनाच असतं. जाताना पिशवी न्या. मामा बूट वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, आणि पावसात त्याची शाई साडीला लागते.