शटडाऊन दाबूनही बंद न होणारा लॅपटॉप आणि झाकणाखाली लपवलेला लाईट

दसऱ्याला घेतलेला लॅपटॉप. पंधरा इंची, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज ११, बाकी स्पेक्स सगळीकडं पडलेत, ते परत लिहून तुमचा आणि माझा वेळ घालवत नाही. टॅली पळतंय, जीएसटीचं पोर्टल आणि वर ढीगभर टॅब उघडले तरी रडत नाही, आकडे मारायला उजवीकडं वेगळा नंबर पॅड आहे (अकाउंटवाल्यानं नंबर पॅड नसलेला लॅपटॉप फुकट मिळाला तरी घेऊ नये). मार्चएंडला रात्र रात्र चालला, एकदा पण दगा दिला नाही, आणि तेव्हा मी चारचौघांना सांगत सुटलो होतो की घ्या, डोळे झाकून घ्या. आता तसं सांगत नाही.

पहिली तक्रार लाईटची. हसू नका. या मॉडेलला पॉवरचं बटण कीबोर्डमधेच आहे, वरच्या ओळीत डिलीटच्या शेजारी, आणि चालू-बंदचा पांढरा लाईट त्या बटणाच्या आत. म्हणजे झाकण मिटलं की लाईट पण आत. मशीन चालू आहे का बंद हे बाहेरून कळायला काहीच नाही. चार्जिंगचा लाईट आहे बाजूला, पण तो चार्जर लावल्यावरच पेटतो. माझ्या आधीच्या जुन्या ठोकळ्याला पुढच्या कडेला तीन लाईट होते, लांबून बघितलं तरी कळायचं. एका लाईटचं असं काय वाचवलं कंपनीनं? पाच-दहा रुपये? पन्नास हजाराच्या वर मोजून घेतलेल्या वस्तूत हा हिशोब मला अजून पटलेला नाही आणि पटणार पण नाही.

आता हा लाईट एवढा का डोक्यात गेला ते सांगतो. जुलैत, पाऊस जोरात, कोल्हापुरातल्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याकडं जीएसटी रिटर्नचं काम करत होतो. काम झालं, शटडाऊन दाबला, स्क्रीन काळी झाली, झाकण मिटलं, लॅपटॉप बॅगेत. व्यापाऱ्यानं मोठ्या मायेनं गुळाची एक छोटी ढेप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिली, ती पण त्याच बॅगेत. वरून रेनकोट, गाडीला किक, वाटेत बिंदू चौकात एक काम, तिथनं लक्ष्मीपुरीत दुसरं, मग कळंब्याला घरी. घरी येऊन बॅग उतरवतोय तर पाठीला गरम लागतंय. म्हटलं पावसात ओल्या रेनकोटखाली अंग तापलं असेल. चेन उघडली तर आतनं वाफ आल्यासारखी ऊब, गूळ पिशवीत पाघळलेला, पिशवीला कुठंतरी भोक होतं त्यातनं चिकट पाक खरेदीच्या बिलांच्या फाईलवर, आणि लॅपटॉप हाताला चटका बसेल एवढा तापलेला. झाकण उघडलं तर समोर लॉगिनची स्क्रीन आणि बॅटरी संपत आल्याची सूचना. शटडाऊन केलेल्या लॅपटॉपची!

बिलं सोडवताना घरात काय काय ऐकावं लागलं ते सोडा.

पुढं मग लक्ष ठेवायला लागलो. जुलै महिन्यात कोल्हापूरकर उठसूट पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, तसा मी शटडाऊन केल्यावर त्या बटणातल्या लाईटकडं बघत बसायचो. कधी पटकन विझायचा. कधी स्क्रीन काळी होऊन पण लाईट आणि पंखा चालूच, आणि बराच वेळ गेला की मशीन आपोआप परत पेटून कंपनीचा लोगो. रोज होत नव्हतं हेच डोकं उठवणारं. रोज झालं असतं तर कुणालातरी दाखवता तरी आलं असतं.

वॉरंटीत होता म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. नाव घेत नाही. काउंटरवरच्या पोरानं माझ्यासमोर दोनदा चालू करून दोनदा शटडाऊन केला, दोन्ही वेळेला बंद.
"सर, आमच्याकडं तर होतोय की बंद."
म्हटलं, रोज होत नाही, मधेच होतं.
"मग विंडोज करप्ट असेल. फॉर्मॅट मारूया. पण सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही, त्याचे वेगळे पडतील, आणि डाटाची जबाबदारी तुमची."
२० तारीख तोंडावर, जीएसटीचे महिन्याचे ३बी रिटर्न भरायचे बाकी, आणि हा मला फॉर्मॅट मार म्हणतोय. नाही म्हटलं. तर आतनं सिनियर आला, त्यानं लॅपटॉपला हात सुद्धा न लावता सांगितलं की मग मदरबोर्ड असू शकतो, जमा करा, वरून पार्ट मागवायला लागेल, आठ-दहा दिवस धरून चाला. पाच मिनिटात विंडोजवरनं मदरबोर्डवर! जॉबशीट (तक्रार नोंदवल्याचा कागद) तेवढी फाडून घेतली आणि लॅपटॉप उचलून बाहेर पडलो.

मग स्वतःच लागलो मागं. सगळ्यात आधी जे सगळेच सांगतात ते, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ बरोबर २०१२ ला आलेली भानगड आहे ही. शटडाऊन दाबला की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, तुमचे प्रोग्रॅम बंद करतं पण आतला गाभा डिस्कवर एका फाईलीत लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून वर आणतं, म्हणून लवकर चालू होतं. खरा शटडाऊन हवा तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करायचं. गंमत म्हणजे रिस्टार्ट मात्र पूर्ण असतो. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्सच्या टॅबला सीपीयूखाली अप टाइम लिहिलेला असतो तो बघा, रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्याला पण तिथं कित्येक दिवसांचा आकडा दिसेल. कंट्रोल पॅनलमधे पॉवर ऑप्शन्सला जाऊन ती टिक काढली. एसएसडीमुळं सुरू व्हायला जो काही फरक पडला तो मला तरी जाणवला नाही.

आणि प्रॉब्लेम गेला. इथपर्यंतचा रिव्ह्यू मी त्याच खुशीत लिहिला होता आणि खाली लिहिणार होतो की फास्ट स्टार्टअप बंद करा, विषय संपला, लॅपटॉप झकास.

विषय संपला नव्हता. राखी पौर्णिमेच्या आसपास परत तेच. शटडाऊन, काळी स्क्रीन, पंखा चालू, आणि थोड्या वेळानं लोगो. त्यामुळं वरचं तसंच ठेवतो, पण एवढं समजून वाचा की फास्ट स्टार्टअप काढणं हे औषध नव्हतं, आजार थोडे दिवस दबला होता एवढंच.

मग दुसरी शंका, कोणतरी उठवतंय. वायरलेस माऊसचा डोंगल, लॅनची वायर, बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअर) चार्जर लावला की चालू हो असं सेटिंग, झाकण उघडलं की चालू हो असलं सेटिंग, यातलं काहीही मशीनला उठवू शकतं. डोंगल काढून बघितला, लॅन तर मी वापरतच नाही, बायोसमधली ती दोन्ही सेटिंगं बंद केली. फरक शून्य. अजून एक सांगतात ते म्हणजे अपडेट अँड शट डाऊन दाबल्यावर बंद न होता रिस्टार्ट होणं. तो विंडोजचा जुना घोळ होता खरा, ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमधे त्याची दुरुस्ती आली, पण माझं साध्या शटडाऊनलाच होत होतं.

शेवटी राजारामपुरीतल्या एका छोट्या गाळ्यातल्या रिपेरीवाल्या पोराकडं गेलो. टेबलावर तीन लॅपटॉप पोट उघडून पडलेले, हातात सोल्डरिंगची गन, आणि माझ्याकडं न बघताच विचारतोय, "काका, कमांड प्रॉम्प्टला लास्टवेक बघितलं का?" म्हटलं ते काय असतं. हातातलं काम बाजूला ठेवून पॉवरसीएफजीची कमांड मारली (मशीनला शेवटचं कुणी उठवलं ते ती सांगते), वेक हिस्टरी काउंट शून्य. म्हणाला, "ह्याला कोण उठवत नाही काका. हा बंद होताना पडतोय आणि पडून परत उठतोय."

हे एक वाक्य सर्व्हिस सेंटरला सुचलं नाही.

त्यानं समजावलं ते असं. शटडाऊन करताना विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला (म्हणजे वायफाय, साऊंड असले पार्ट चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) सांगतं की आता झोपा. एखादा ड्रायव्हर अडून बसला, उत्तरच देईना, तर विंडोज वाट बघून बघून शेवटी क्रॅश होतं. आणि क्रॅश झालं की आपोआप रिस्टार्ट व्हायचं ही टिक विंडोजमधे आधीपासूनच लावलेली असते. म्हणून आपल्याला वाटतं बंद केलेला लॅपटॉप भुतासारखा चालू झाला. म्हटलं, पण मग क्रॅशची ती निळी स्क्रीन कधी दिसली नाही ती? तर ती आता निळी राहिलेलीच नाही! २०२५ मधे विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीला ती काळी केली त्यांनी. शटडाऊनला काळी झालेली स्क्रीन, त्यावर क्षणभर काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं, आणि मी तोवर झाकण मिटून गाडीवर. दिसणार कशी.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला तर रांगेनं कर्नल-पॉवर ४१ च्या नोंदी. ४१ नुसतं एवढंच सांगतं की मशीन नीट बंद न होता परत चालू झालं, का ते सांगत नाही, त्यामुळं ४१ दिसला म्हणून लगेच पॉवर सप्लाय नाहीतर मदरबोर्ड बदलायला पळू नका. त्याच वेळेची १००१ नंबरची बगचेकची, म्हणजे क्रॅशची, नोंद शोधायची, त्यात कोड असतो. माझ्यात ९एफ, म्हणजे ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. मग सिस्टम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढली. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडून शटडाऊन करत बसला, दोन-तीनदा नीट बंद झाला आणि मग आली की ती काळी स्क्रीन, यावेळी थांबून राहिली, खाली तोच कोड. विंडोजच्या फोल्डरमधली मिनीडंपची फाईल (क्रॅशच्या वेळची माहिती यात असते) एका फुकटच्या टूलमधे उघडली तर त्यात बोट वायफायच्या ड्रायव्हरकडं.

वायफाय! म्हणूनच सर्व्हिस सेंटरात होत नव्हतं. तिथं लॅपटॉप कुठल्याच वायफायला जोडलेला नव्हता. गूळवाल्याकडं, घरी, जिथं नेट जोडलेलं असायचं तिथंच हे नाटक.

मार्चएंडला सगळं सुरळीत होतं, म्हणजे हा ड्रायव्हर नंतर कधीतरी विंडोज अपडेटनं आणून बसवलेला. जुना ड्रायव्हर परत आणणारं रोल बॅकचं बटण पुसट होतं, दाबता येईना. मग लॅपटॉप कंपनीच्या साईटवरनं माझ्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर उतरवला, डिव्हाइस मॅनेजरमधनं आधीचा काढून टाकला, नवा बसवला, आणि तिथंच बसून चहा येईपर्यंत शटडाऊन, चालू, शटडाऊन, चालू. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. एकदा पण अडला नाही. तेव्हापासून आजपर्यंत नाही, आणि फास्ट स्टार्टअप परत चालू करून पण बघितलं, तरी नाही. ऑप्शनल अपडेटमधे ड्रायव्हर दिसला की हात लावत नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. ती ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक कारण सापडल्यावर परत लावून टाका. नाहीतर पुढं कधी क्रॅश झाला तर त्या काळ्या स्क्रीनवर तसाच चालू राहील आणि बॅगेत परत शेगडी.

पोरानं पैसे किती म्हटलं तर "चहा झाला की काका." बळंच दोनशे ठेवून आलो. सर्व्हिस सेंटरवाला नुसत्या फॉर्मॅटचे मागत होता त्याच्या पाव पण नाहीत ते.

आता लॅपटॉपबद्दलचं मत. आधी वैतागून एक स्टार द्यायचा ठरवलेला, मशीन म्हणून ते चुकीचं ठरेल. हार्डवेअर दणकट आहे, एवढं तापून पण कुठं हँग नाही, गुळाचा पाक कीबोर्डपर्यंत गेला नाही हे माझं नशीब. पण लाईटचा एक स्टार मी कापणारच. बाहेरनं एक टिकली दिसली असती तर मी पहिल्याच दिवशी बॅगेत टाकताना थांबलो असतो. सवय अशी लागलीये की आता झाकण मिटल्यावर लॅपटॉप कानाला लावून पंखा ऐकतो. मार्केट यार्डातले हमाल बघून हसतात, एकानं तर विचारलं, साहेब, काय बोलतोय?

सर्व्हिसचे स्टार शून्य. द्यायची सोय असती तर उलटे दिले असते.

राहिली बॅटरी. तिचं मात्र नुकसान झालंय. पॉवरसीएफजीलाच बॅटरी रिपोर्टची कमांड आहे, ती मारली की एक फाईल बनते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी लिहिलेली असते. त्या दोन आकड्यातलं अंतर वर्षाच्या आतल्या बॅटरीला शोभणारं नाही, आणि खालच्या तक्त्यात बघितलं तर घसरण जुलैपासूनची, बॅगेत तापून दुसरं काय होणार. रिपोर्टची प्रिंट काढून जॉबशीटला टाचली आणि वॉरंटीत बॅटरीचा क्लेम टाकलाय. दसऱ्याला वॉरंटी संपतीये, हे त्यांना पण माहितीये, त्यामुळं रोज "पार्ट अव्हेलेबल नाही" चालू आहे. मी पण रोज दुपारी दोनला फोन लावतो, त्यांच्या जेवणाच्या वेळेला.