मागाच्या आवाजावर प्रोजेक्ट करताय? निओशचं साउंड लेव्हल मीटर ॲप

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग शेडमधला आवाज हा प्रोजेक्टसाठी उत्तम विषय. मोजायला निओश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचं साउंड लेव्हल मीटर ॲप फुकट मिळतं. अडचण एकच, ते फक्त आयफोनवर चालतं.

अचूकता साधारण ±2 डेसिबल. कॉलेजच्या प्रोजेक्टला ती पुरेशी आहे, कायदेशीर तक्रारीला नाही. हे अहवालात स्पष्ट लिहा. मोबाईलचं कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा (मध्येच फोन आला की मोजणी बिघडते), आणि माइक कामगाराच्या कानाच्या उंचीवर धरा. बोटाखाली माइक झाकला की आकडा खाली येतो, ही चूक हमखास होते.

खरी मेख ॲपच्या सेटिंगमध्ये आहे, कोणती मर्यादा निवडायची यात. निओशची मर्यादा 8 तासांना 85 डेसिबल, आणि पुढे दर 3 डेसिबल वाढले की चालणारा वेळ निम्मा. आपल्याकडच्या कारखाना नियमांत 8 तासांना 90, आणि दर 5 ला निम्मा. म्हणजे 95 डेसिबलला आपल्याकडे 4 तास चालतात, निओशला जेमतेम 47 मिनिटं! कोणतं माप लावलं ते न लिहिता काढलेला निष्कर्ष फुकट जातो.

प्रश्नही नेमका हवा. ‘यंत्रमाग कामगारांच्या समस्या’ नको. ‘टॉवेलच्या मागावर एका पाळीत कानावर किती आवाज पडतो’ असा हवा. पाळी 12 तासांची असेल तर 8 तासांची मर्यादा तशीच लावू नका. मालकाची लेखी परवानगी आधी घ्या, कामगारांची नावं अहवालात घालू नका.