घरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ५ लिटर : देवगडच्या घरात पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. मशीन घ्या, पैसे वाया जात नाहीत. पण लाईट गेल्यावर काय करायचं आणि मध्यरात्री फोन कोण उचलणार, हे आधी ठरवा आणि मगच मशीन घरात आणा. कोकणात तरी क्रम हाच.

आजीला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन सतत दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. आयुष्यात तिने विडीला हात लावला नाही. चुलीपुढे बसून पेज, भात, घावणे केले, पावसाळ्यात ओली लाकडं फुंकली, आणि तोच धूर फुप्फुसात बसला. गॅस आला तरी न्हाणीची चूल काही सुटली नव्हती. बायकांमध्ये हा आजार चुलीच्या धुरानेही होतो, हे कणकवलीच्या छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात काकीने न्हाणीत गिझर बसवून घेतला.

आजीची मुलं डोंबिवली, कोल्हापूर आणि मस्कत अशी पांगलेली. गावी तिच्यापाशी धाकटे काका-काकी. घर खाडीजवळ, कौलारू. नांदगाव तिठ्यावरून कणकवली गाठायची म्हणजे पावसात दीड तास सहज जातो.

डॉक्टरांनी मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासलं आणि लिहून दिलं : मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन, दिवसाला किमान १५ तास, त्यात अख्खी रात्र. हा १५ तासांचा आकडा हवेतला नाही. १९८० आणि १९८१ साली अमेरिका आणि ब्रिटनमध्ये असे दोन महत्त्वाचे अभ्यास झाले. रक्तातला ऑक्सिजन फार कमी असलेले सीओपीडीचे रुग्ण रोज इतके तास ऑक्सिजनवर राहिले तर जास्त जगतात, हे त्यातून दिसलं. म्हणजे दम लागला की तासभर लावायचा आणि बरं वाटलं की काढून ठेवायचा, याचा उपयोग नाही. आजीला हे पटायला वेळ लागला. “माका ह्यां नाकात नको, मी काय मराक टेकलंय?” हे तिचं पहिल्या दिवसाचं वाक्य. “बिल कितक्या येतला?” हे दुसऱ्या दिवसाचं.

बिलाचं सांगते. आमचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. १६ तास चाललं तर दिवसाला साडेपाच-सहा युनिट, महिन्याला पावणेदोनशेच्या आसपास. ते बिल बाबा डोंबिवलीतून ऑनलाइन भरतात आणि आजीला आकडा कळू देत नाहीत.

मशीनचं काम सोपं आहे. खोलीतली हवा ओढायची, आतल्या झिओलाइटच्या दाण्यांवर नायट्रोजन अडकवायचा आणि उरलेला नव्वद-पंचाण्णव टक्के ऑक्सिजन नळीतून द्यायचा. भरून आणायची भानगड नाही, वीज असली की झालं. २ लिटर लागणाऱ्याला १० लिटरचं मशीन घेऊ नका, वीज उगाच जास्त जाते. खांद्याला अडकवायची छोटी मशीनंही बघितली. त्यातली बरीचशी श्वास ओढला की तेवढाच झोत देतात. झोपेत श्वास उथळ झाला तर तो झोत सुटेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. घेताना शुद्धतेचा आकडा दाखवणारं आणि ती घसरली की अलार्म देणारंच घ्या. त्या अलार्मने आम्हाला पुढे वाचवलं, ते खाली येतंच.

आता लाईट. आमच्याकडे मे अखेरीस पहिला वळीव आला की तारांवर फांद्या पडायला सुरुवात होते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं तेव्हा गावं कित्येक दिवस अंधारात होती. त्यामुळे ‘वीज जाईल का’ हा प्रश्नच आम्ही ठेवला नाही, ‘किती वेळ जाईल’ एवढाच ठेवला. तीन थर केले. पहिला इन्व्हर्टर, प्युअर साइन वेव्ह, १५० एएचची बॅटरी. कागदावर १८०० वॅट-तास होतात, प्रत्यक्षात मशीन साडेतीन तासांच्या आसपास चालतं. त्यावर पंखा-टीव्ही जोडला तर तेवढंही नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून त्या खोलीतला एकच प्लग वेगळा करून घेतला. दुसरा थर बी टाइपचा सिलिंडर. त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो, २ लिटरने साडेबारा तास. तिसरा जंबो, सुमारे ७००० लिटर, म्हणजे दोन दिवसांहून जास्त. तो पावसाळ्याच्या महिन्यांपुरता भाड्याने घेतला, साखळीने भिंतीला बांधून उभा ठेवला. हा हिशेब काकीने मार्करने सिलिंडरवरच्या पट्टीवर लिहिलाय, कारण रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला भागाकार जमत नाही. व्होल्टेज संध्याकाळी पडतं, त्यासाठी स्टॅबिलायझर घ्यावाच लागतो. मशीनच्या किमतीत हे सगळं धरा. आमचा एकूण खर्च मशीनच्या दीडपट गेला.

दुसरी गोष्ट खारी हवा. खिडकीचे गज गंजतात तिथे मशीनची काय कथा. भिंतीपासून फूटभर लांब, खिडकीसमोर नाही आणि स्वयंपाकघरालगतही नाही, अशी जागा द्या. मागचा स्पंजचा फिल्टर दर आठवड्याला धुवायचा असतो, पण जुलैत तो दोन दोन दिवस वाळत नाही आणि ओला लावला की ओल आत जाते. झिओलाइटला ओल चालत नाही. दोन फिल्टर जास्तीचे घ्या, आलटून पालटून वापरा. ऑक्सिजन ज्यातून ओलसर होऊन नळीत येतो त्या पाण्याच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज नवीन. त्यात बुडबुडे दिसत नसतील तर नव्वद टक्के वेळा झाकणाचा आटा तिरका बसलेला असतो.

आवाजाची तक्रार रास्त आहे. “ह्यां मशीन रातभर घुरता गो,” आजी म्हणते. आम्ही ते बाहेरच्या खोलीत ठेवून लांब नळी आत घेतली. नळी १५ मीटरपर्यंत चालते असं कंपनीच्या पुस्तकात आहे, त्यापेक्षा लांब करू नका. तेवढ्या नळीत आजी पलंगावरून लोट्यापर्यंत, म्हणजे पडवीपर्यंत येते आणि खळ्यात सुकत घातलेल्या आमसुलांवर लक्ष ठेवते. नळीमुळे कानामागे जखमा होतात, तिथे जुन्या नऊवारीच्या मऊ पट्ट्या गुंडाळल्या. नाक कोरडं पडतं म्हणून आजी खोबरेल लावायला बघत होती. ऑक्सिजन चालू असताना नाकाला तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, भाजायचा धोका असतो. पाण्याचं बेस असलेलं जेल मिळतं, ते लावा.

आगीवरून आठवलं, चतुर्थी. ज्यांच्या घरी गणपती येतो त्यांनी हे नीट वाचा. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जवळची ठिणगी भडकवतो. समई, निरांजन, धूप, कापूर, सगळं एकाच वेळी आणि घर माणसांनी भरलेलं. डॉक्टरांना विचारून आम्ही आजीचे मोकळे तास आरतीच्या वेळेला ठेवले. आरतीच्या आधी मशीन बंद, नळी काढून ठेवलेली, आजीचं लुगडं बदललेलं, कारण कपड्यांत आणि पांघरुणात ऑक्सिजन थोडा वेळ मुरून राहतो. मग ती दारापाशी खुर्चीत, गणपतीपासून चांगली लांब. आरतीचं ताट तिच्यापर्यंत न्यायचं नाही, तिने लांबूनच हात जोडायचे. पहिल्या आरतीला ती टाळ वाजवायला लागली. मस्कतचे काका तिच्याशेजारी ऑक्सिमीटर घेऊन बसले होते, आकडा ८७, ८६ करत उतरला तसा त्यांनी टाळ हळूच काढून घेतला. ती काही बोलली नाही, फक्त त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरला.

ऑक्सिमीटरबद्दलही लिहायला हवं, कारण आमच्या घरातले सगळ्यात मोठे वाद त्यावरून झाले. आजीला डॉक्टरांनी दिलेलं लक्ष्य ८८ ते ९२ आहे. लांबच्या नातेवाइकांना ते कमी वाटतं. “आमच्या शेजाऱ्यांना ९८ असतो, लिटर वाढवा ना!” असे फोन काकीला यायचे. सीओपीडीच्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. तुमच्या रुग्णाचं लक्ष्य वेगळं असेल, ते त्याच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या आणि मशीनवर चिकटवा. आमच्या मशीनवर काकीच्या अक्षरात आहे : “२ लिटर. डॉक्टर सोडून कोणीही सांगितलं तरी वाढवायचं नाही.”

याची परीक्षा पावसातच झाली. आजीला सर्दी-खोकला झाला होता. एका संध्याकाळी काकीने मला फोन केला, म्हणाली, आकडा ९१ आहे पण आत्यांचं (काकी आजीला आत्या म्हणते) लक्ष नाही, हाक मारली की उशिरा ओ देतात. मी डॉक्टरांना जोडलं. त्यांनी आकडा विचारलाच नाही. सकाळी डोकं दुखत होतं का, दिवसा झोपतात का, बोलणं बरळल्यासारखं आहे का, एवढं विचारलं आणि लगेच आणा म्हणाले. ऑक्सिमीटर ऑक्सिजन दाखवतो, साठलेला कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. १०८ ला फोन केला, गाडी आली, आजी काही दिवस बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर राहिली आणि परत आली. आकडे बघणारे आम्ही चार शहरांत होतो, पण ओळखलं काकीने, कारण ती रोज तिला पेज भरवते. गार बोटांवर किंवा मेंदीवर आकडा चुकू शकतो, तेव्हा आधी हात चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. पण माणूस वेगळं वागत असेल तर आकड्याची वाट बघू नका.

इस्पितळातून आल्यावर आम्ही घरचं काम वाटून घेतलं. त्याआधी ‘आजी कशी आहे?’ हा प्रश्न दिवसातून सात जण काकीलाच विचारायचे आणि ती भात उतरवता उतरवता सातदा तेच सांगायची. आता सकाळ-संध्याकाळ ती एकदाच ग्रुपवर आकडा टाकते आणि प्रश्न असतील ते माझ्याकडे येतात. डॉक्टर, फिल्टर, नळ्या, विक्रेत्याशी भांडण, हे माझ्याकडे. पैसे बाबा आणि मस्कतचे काका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून रात्री अकराचा फोन त्यांचाच असतो, त्यांचे तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. कोल्हापूरची आत्या ठरावीक दिवस येऊन राहते आणि तेवढ्यात काकी वेंगुर्ल्याला माहेरी जाऊन येते. मला विचाराल तर या मशीनचा सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग म्हणजे काकीची ही सुट्टी. ते वर्षभर चाललं ते तिच्यामुळे. जे लांब आहेत त्यांनी सल्ला पाठवण्याआधी तिला बदली माणूस पाठवावं, हे मी घरात मोठ्यांना तोंडावर सांगितलंय.

आणि फोनवर फक्त आजाराचं बोलू नका. आजीला आकडे विचारले की ती कॅमेरा दुसरीकडे फिरवते. मोहोर किती आलाय, खाडीवर आज काय मिळालं, हे विचारलं की बोलते, आणि ती एका दमात किती शब्द बोलू शकते त्यावरून मला तिची तब्येतही कळते.

आता तक्रार. विक्रेत्याने ‘घरपोच सर्व्हिस’ म्हणून विकलं. ऑक्टोबरात अलार्म वाजायला लागला, शुद्धता ८२ वर आलेली. फोन केला तर घरपोच म्हणजे कोल्हापूरपर्यंत, मशीन तुम्ही पोचवा असं उत्तर. धाकट्या काकांनी ते फोंडा घाटाने गाडीतून नेलं, तिथे दाण्यांचं खोकं बदललं आणि मशीन परत येईपर्यंत आजी जंबोवर होती. वॉरंटीत बसलं तरी दुरुस्तीच्या काळात बदली मशीन दिलं नाही, आणि ज्याचा श्वास त्यावर चालतो त्याच्या बाबतीत हे मला अक्षम्य वाटतं.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा सर्व्हिसचा. विकत घ्यायच्या आधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी कागदावर घ्या : तालुक्याच्या नावासकट सर्व्हिस कुठपर्यंत, बदली मशीन मिळणार का, आणि झिओलाइटचा खर्च वॉरंटीत आहे का. जुनं मशीन घेत असाल तर ते किती तास चाललंय हे मीटरवर बघा आणि शुद्धता मोजून घ्या. दमट हवेत महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेलं मशीन स्वस्त मिळतं, पण त्यातले दाणे बहुधा गेलेले असतात.