विकायला काढलेला फोन घेऊन गिऱ्हाईकच पळालं

एसटीच्या गर्दीत खिशातला फोन गेला तर काय करायचं, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण फोन आपणच विकायला काढलाय, गिऱ्हाईक बघायला आलंय आणि तेच तो घेऊन पळालं, तर पुढचं सगळं वेगळं होतं. गेल्या गणपतीच्या दिवसांत कुडाळला माझ्या भाच्याबरोबर हे घडलं. पुढे पोलीस ठाणं, फोनचं दुकान आणि कोर्ट इथं मी मामा म्हणून त्याच्याबरोबर फिरलो. त्या फिरण्यात जे कळलं ते इथं लिहितोय, कारण सणाच्या आधी जुना फोन काढून नवा घ्यायची आपल्याकडे रीतच झाली आहे.

भाच्यानं नवा फोन घेतला होता. जुना चांगल्या स्थितीत होता, म्हणून फोटो काढून जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकला, किंमत चौदा हजार. ज्याचा मेसेज आला तो मालवणीतच बोलत होता. "आमी नेरूरचे. मुंबयसून गणपतीक इलंव, परवा तुतारीन परत. भावाक जुनो फोन होयो." तुतारी म्हणजे आमची मुंबईची रेल्वेगाडी, आणि नेरूर हे कुडाळजवळचंच गाव. नेरूर म्हटलं की कुडाळच्या माणसाला वेगळी ओळख लागत नाही. त्यानं आमच्या वाडीचं नावसुद्धा विचारलं, कोण कोणाचा ते विचारलं. अशा बोलण्यावर संशय कोण घेणार?

भेटायचं ठरलं एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात, भर दुपारी, माणसांत. म्हणजे सावधगिरीच्या सूचनांत जे सांगतात ते सगळं भाच्यानं केलं होतं. दोघे आले, एक आत आला आणि एक बाहेर मोटारसायकलवर थांबला. आतल्यानं फोन नीट पाहिला, कॅमेरा पाहिला, चार्जिंगची पिन लावून पाहिली. मग म्हणाला, आधी तुझं अकाऊंट काढून फोन रिसेट कर, नाहीतर नंतर लॉक पडतो आणि पुन्हा तुला शोधत यावं लागतं. बोलणं खोटं नव्हतंच, जुना फोन घेणारा प्रत्येक शहाणा माणूस हेच सांगतो. भाच्यानं अकाऊंट काढलं, फोन कोरा केला. खोका आणि बिलही टेबलावर ठेवलं. त्यानं स्वतःचं सिम घातलं आणि स्क्रीनकडे बघून तोंड वाकडं केलं. "हंय रेंज गावणा नाय, भायर जावन बघतंय."

आपल्याकडे रेंजसाठी बाहेर जाणं यात खटकण्यासारखं काय आहे? आमच्या घरात फोन आला की माणूस आधी खळ्यात जातो आणि मग हॅलो म्हणतो. त्या माणसानं नेमका याचाच फायदा घेतला. फोन, खोका, बिल, सगळं हातात घेऊनच तो उठला. भाचा चहाचे पैसे देऊन दारापर्यंत येईस्तोवर मोटारसायकल वळली होती. मला फोन आला तेव्हा पोरगा एवढंच म्हणत होता, "मामा, तो फोन घेवन गेलो."

एरवी चोरलेला फोन चोराला सहज पचत नाही. मालकाचं गुगल अकाऊंट आत असलं, तर बाहेरून रिसेट मारला तरी फोन जुनंच अकाऊंट मागतो. ॲपलच्या फोनलाही तसंच कुलूप असतं. फोन कुठे आहे ते दुसऱ्या फोनवरून बघता येतं, तो बंद करता येतो. विकताना मात्र आपण हे कुलूप स्वतः काढून देतो. त्यामुळे या चोराला फोन कोरा, उघडा, खोक्यासकट आणि बिलासकट मिळाला. पुढच्या गिऱ्हाइकाला तो बिल दाखवून 'माझाच आहे' म्हणून विकू शकत होता. नकाशावर ठिकाण शोधायचा रस्ता तर संपलाच होता.

म्हणून क्रम महत्त्वाचा. अकाऊंट आत ठेवूनच फोन दाखवा. कॅमेरा, स्पीकर, रेंज सगळं त्या अवस्थेत तपासता येतं. पैसे आपल्या खात्यात जमा झालेले आपल्याच बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक उघडून बघा. समोरच्यानं त्याच्या फोनवर दाखवलेल्या 'पैसे गेले'च्या हिरव्या खुणेला किंमत नाही, तसा स्क्रीन दाखवणारी खोटी ॲपं बाजारात आहेत. मग त्याच्यासमोर अकाऊंट काढा, रिसेट करा आणि बिल सगळ्यात शेवटी द्या. खऱ्या गिऱ्हाइकाला पाच मिनिटं थांबायला अडचण नसते. रेंज बघायला बाहेर जायचं असेल तर फोन आपल्या हातात ठेवून बरोबर जा. मी तर म्हणतो, गाडीची चावी टेबलावर ठेवायला सांगा. चिडला तर चिडू दे.

आता तक्रारीचं. ठाण्यात पहिला प्रश्न आला आयएमईआय नंबरचा. हा प्रत्येक फोनचा पंधरा आकडी नंबर, दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. *#०६# दाबलं की स्क्रीनवर येतो, पण दाबायला फोन कुठे होता? खोक्यावर छापलेला असतो, खोकाही गेला. बिलावर असतो, बिलही गेलं. भाच्याचं नशीब असं की जाहिरातीसाठी त्यानं खोक्याचा फोटो काढला होता आणि तो मोठा करून पाहिल्यावर स्टिकरवरचे दोन्ही नंबर वाचता आले. जाहिरातीत तो नंबर उघडा ठेवणं खरं तर बरं नव्हे, दुसरा कुणी त्याचा वापर करू शकतो. पण आपल्यापुरता फोटो काढून मेलमध्ये ठेवून द्यायला हरकत नाही. बिलासाठी आम्ही जिथून फोन घेतला त्या दुकानात गेलो. जीएसटीचं बिल त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, त्यांनी पुन्हा छापून शिक्का मारून दिलं. ऑनलाइन घेतलेला असेल तर जुन्या ऑर्डरमधून बिल उतरवता येतं आणि हप्त्यावर घेतलेला असेल तर कर्जाच्या कागदांवरही आयएमईआय सापडतो.

तोवर चोरानं व्हॉट्सॲपवरचे आपले मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला सुरुवात केली होती. भाच्यानं नेरूरच्या गप्पांचे, भेटीच्या वेळेचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवले होते ते उपयोगी पडले. अशा वेळी रागानं शिव्या लिहीत बसू नका, आधी चॅट जपा. हॉटेलमालकालाही लगेच सांगून ठेवा की कॅमेऱ्याचं चित्रण पुसू देऊ नका. छोट्या हॉटेलांच्या यंत्रात जागा थोडी असते, काही दिवसांत जुन्यावर नवीन चढतं. मालकानं चित्रण आमच्या हातात द्यायला नकार दिला, पोलिसांनी मागितलं तर देईन म्हणाला. ते त्याचं बरोबरच होतं.

ठाण्यातल्या संभाषणाचा मला अजून राग आहे. (ठाणं कुठलं ते लिहीत नाही.) हवालदार म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या हातानं दिलात ना? मग चोरी कशी? हा व्यवहारातला वाद झाला. मोबाईल गहाळ म्हणून दाखला देतो, तेवढ्यावर काम होतं." गहाळ म्हणजे हरवला. फोन रिक्षात विसरला असता तर गोष्ट वेगळी. इथं माणूस डोळ्यांदेखत घेऊन गेला होता, आणि तसं लिहिलं नाही तर कॅमेऱ्याचं चित्रण कोण मागवणार, त्या नंबरची माहिती कंपनीकडून कोण काढणार? गहाळाच्या नोंदीवर चोराचा तपास होत नाही, कारण तपासायला गुन्हाच नसतो.

बघायला हातात दिलेली वस्तू घेऊन पळणं ही चोरीच, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३०३ मध्ये येते. खोटं सांगून, फसवून वस्तू द्यायला लावली असेल तर कलम ३१८, आणि त्यातल्या चौथ्या पोटकलमाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोणतं लावायचं ते पोलिसांनी ठरवावं, आपण कलमांवरून भांडत बसू नये. आपण घडलं ते जसंच्या तसं लिहावं: विक्रीसाठी तपासायला दिला, पैसे मिळाले नाहीत, परवानगीशिवाय घेऊन गेला. 'हरवला' हा शब्द अर्जात कुठेही येऊ देऊ नये. 'आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणाले तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो आणि फिर्यादीला प्रत फुकट मिळते. तरीही नोंदवून घेतलं नाही तर त्याच कलमात पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवायची सोय आहे. आम्ही ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयात, अर्ज द्यायची तयारी दाखवली, तेव्हा गुन्हा नोंदला गेला.

हवालदारांच्या म्हणण्यात एक तथ्य होतं, ते पुढे सांगतो.

गुन्ह्याची प्रत मिळाल्यावर भाच्यानं दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' साईटवर जाऊन फोन ब्लॉक केला. ही सीईआयआर नावाची सरकारी व्यवस्था २०१९ मध्ये महाराष्ट्रातच प्रयोग म्हणून सुरू झाली आणि मे २०२३ पासून देशभर आहे. दोन्ही आयएमईआय, बिल, तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी मोबाईल नंबर लागतो. फोन सिमसकट गेला असेल तर आधी डुप्लिकेट सिम घ्यावं लागतं आणि त्यावर एसएमएस सुरू व्हायला एक दिवस जातो, भाच्याचं सिम त्याच्याकडेच असल्यानं तो वेळ वाचला. एकदा ब्लॉक झाला की देशातल्या कुठल्याही कंपनीचं सिम त्यात चालत नाही आणि कुणी घालून पाहिलं तर त्याची खबर पोलिसांपर्यंत जाते. शेवटी जी रिक्वेस्ट आयडी मिळते ती लिहून ठेवा.

यानंतर फसवणुकीची दुसरी फेरी आली. भाच्यानं गावच्या ग्रुपवर फोन गेल्याचं टाकलं होतं. लगेच एकाचा फोन आला, आयएमईआयवरून लोकेशन काढून देतो, दोन हजार आगाऊ पाठवा. असं लोकेशन खासगी माणसाला काढता येत नाही, ते फक्त पैसे काढतात. ॲपलचा फोन गेलेल्यांना 'तुमचा फोन सापडला, इथं लॉगिन करा' असा कंपनीच्या नावाचा मेसेज येतो, त्यात पासवर्ड टाकला की उरलेलं कुलूपही चोराच्या हातात जातं. अशात पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तातडीनं फोन करावा.

काही महिन्यांनी पोलिसांचा फोन आला. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोल्हापूरकडच्या एका कारखान्यातल्या कामगारानं सिम घातलं होतं. त्यानं तो एका टपरीवरून रोख पैसे देऊन घेतला होता, खोक्यासकट. फोन लागत नाही म्हणून तो टपरीवर परत गेला, तर टपरीवाला ओळख दाखवेना. बिलही बरोबर मिळाल्यानं त्याला खात्री वाटली होती. त्याचे पैसे गेले ते गेलेच. मोटारसायकलवरचे दोघे मात्र अजून सापडलेले नाहीत, त्यांचा नंबर कुणा तिसऱ्याच्याच नावावर निघाला.

आणि हवालदारांचं तथ्य ते असं. नुसती गहाळची नोंद असती तर ठाण्यातूनच फोन हातात मिळाला असता. गुन्हा नोंदल्यामुळे तो मुद्देमाल झाला, आणि मुद्देमाल सोडवायला कोर्टात अर्ज, वकील, बंधपत्र. भाच्याला फोन मिळाला तो सुपूर्दनाम्यावर, केस संपेपर्यंत विकायचा नाही आणि कोर्टानं मागितला की हजर करायचा या अटीवर. त्याची आई मला विचारते, एवढ्या खटाटोपाचा काय फायदा झाला? चौदा हजारांच्या हिशेबात बघितलं तर फारसा नाही. पण गहाळ लिहिलं असतं तर त्या दोघांच्या नावावर कुठेच काही राहिलं नसतं, आणि पुढच्या गणपतीत ते कुणा दुसऱ्याला नेरूरचे म्हणून भेटले असते. माझं मत अजून तेच आहे.

फोन हातात आल्यावर भाच्यानं सिम घातलं तर रेंज येईना. सीईआयआरवरून तो सोडवायचा राहिला होता, तिथं ती रिक्वेस्ट आयडी लागली.

जुना फोन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंग्रजी के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवला की त्या फोनची स्थिती कळते. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात आहे असं उत्तर आलं तर तो फोन घेऊ नका. आयएमईआय खोक्यावरून वाचू नका, फोनवर *#०६# दाबून बघा आणि खोक्याशी जुळवा. बिलावरचं नाव आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र एकच आहे का तेही बघा. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हा कलम ३१७ खाली वेगळा गुन्हा आहे. त्या कामगाराला पोलिसांनी जबाब घेऊन सोडलं, कारण त्यानं टपरी दाखवली. पण त्यासाठी त्याला कोल्हापूरहून कुडाळपर्यंत यावं लागलं आणि त्या दिवसाचा रोज बुडाला.